पॅनिकल हायड्रेंजिया लावलंय? मग या चुका टाळा

जुलै लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हायड्रेंजियाचे फोटो यायला लागतात. कुणाचं झाड मान टाकून बसलेलं, कुणाची फुलं चिखलात लोळतायत, कुणाकडे नुसता हिरवागार पाला. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "माझं पांढरंच फुलतंय गं, निळं कसं करू?" या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: झाड एका जातीचं आणि सल्ला दुसऱ्या जातीचा.

हायड्रेंजिया म्हटलं की आपल्याला उटी-दार्जिलिंगला पाहिलेले निळे-गुलाबी गेंद आठवतात. ती मॅक्रोफायला. पॅनिकल ही तिची चुलतबहीण, मूळची जपान, चीन, कोरियाकडची. उणे ३० अंश सेल्सिअसची थंडीही ती सोसते, आणि तिचा तुरा गोल नसून शंकूसारखा लांबट असतो. लाइमलाइट, लिटल लाइम, बोबो, क्विक फायर ही नर्सरीत दिसणारी नावं हिचीच. फूल नसताना ओळखायचं असेल तर पेरं बघा. पॅनिकलची पानं पातळ, जरा खरखरीत, आणि बऱ्याचदा एका पेरावर तीन-तीन असतात. मॅक्रोफायलाची जाड, तुकतुकीत, समोरासमोर दोन-दोन.

निळ्याचा नाद

कॉफीचा चोथा, गंजके खिळे, ॲल्युमिनियम सल्फेट, काहीही घाला, पॅनिकल निळी होत नाही. आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम शोषून निळं होणं हे मॅक्रोफायलाचं आणि तिच्या जवळच्या एक-दोन जातींचं काम. पॅनिकलचा रंग तुरा जुना होत जाईल तसा बदलतो: आधी पोपटी किंवा पांढरा, मग गुलाबी, शेवटी कागदी तपकिरी. गुलाबी छटा खुलायला रात्री गार लागतात. ऑगस्ट फार तापला आणि पाणी कमी पडलं, तर तुरा पांढऱ्यावरून थेट तपकिरी होतो. अशा वेळी मातीला दोष देऊ नका.

छाटणी: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

माझं माहेर नाशिककडचं, द्राक्षाचं. द्राक्षात घड काडीच्या डोळ्यात आधीच तयार झालेला असतो, म्हणून ऑक्टोबर छाटणीला वडील डोळे मोजून सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवायचे. एक डोळा इकडे-तिकडे झाला तर घड गेला. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मी त्याच धास्तीने पॅनिकलला हातच लावला नाही. परिणाम असा की आत काटक्यांचं जाळं झालं आणि फुलं आली ती वर टोकाला, मुठीएवढी.

खरं तर द्राक्षाचा हा नियम मॅक्रोफायलाला लागू पडतो. तिच्या कळ्या आदल्या वर्षीच्या काडीवर धरलेल्या असतात, म्हणून मार्चमध्ये ती छाटली की त्या वर्षीची फुलं गेली. पॅनिकल मात्र त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांवर फुलते. म्हणून आमच्याकडे मार्च हा छाटणीचा महिना, डोळे फुगायला लागण्याआधी. मेलेल्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या काड्या काढा, बारीक काटक्या विरळ करा आणि उरलेलं झाड साधारण एक तृतीयांश कमी करा. काप डोळ्यांच्या जोडीच्या लगेच वर घ्या. पाव इंच पुरे. लांब खुंट ठेवला तर तो वाळतोच.

यात दोन चुका नेहमी होतात. पहिली, दरवर्षी जमिनीलगत सपाट करणं. मग मुळांची सगळी ताकद थोड्याच फुटव्यांत जाते. ते छडीसारखे लांब आणि लुसलुशीत वाढतात, त्यांच्यावर भलामोठा तुरा येतो, आणि पहिल्या वळवाच्या सरीला झाड फाकून बसतं. जाडसर जुना सांगाडा दोन-अडीच फुटांवर राखला तर फुलं थोडी लहान येतात, पण उभी राहतात. दुसरी चूक म्हणजे जूनमधली छाटणी. गवत कापायला येणारी माणसं कुंपण साधायच्या यंत्राने झाड गोल करून जातात. तेव्हा नव्या फुटव्यांच्या टोकांना कळ्या धरायची वेळ असते. आमच्या घरी हे एकदा झालंय. त्या वर्षी बटाट्यासारखं गोल, नीटनेटकं झाड मिळालं आणि तुरे मोजून चार.

वाळलेले तुरे हिवाळाभर ठेवले तरी चालतात. मला ते बर्फात आवडतात. ओला, जड बर्फ साचला तर केरसुणीच्या दांड्याने हलकेच झटकायचा, एवढंच.

पाणी: मान टाकली म्हणजे तहानच, असं नाही

सासूबाई उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दुपारी तीनला खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं, बघ कसं मान टाकून बसलंय ते. पाणी घालते मी." मी ऑफिसला. रोज एक बादली. तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडली आणि झाड सकाळीसुद्धा मलूल दिसायला लागलं. माती उकरली तर बोटाला चिकटणारा काळा गारा, आणि डबक्यासारखा वास. मुळं कुजायला लागली होती. "आई, त्याला तहान नव्हती, दम कोंडत होता," म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. पाणी बंद केलं, आळं मोडून टाकलं, आणि झाड कसंबसं वाचलं.

कडक उन्हात पानांतून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ते वर पोचवू शकत नाहीत. म्हणून पानं लवतात आणि संध्याकाळी आपोआप उभी राहतात. तेव्हा सकाळी बघा. सकाळीही मान खाली असेल तर दोन इंच बोट खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर थांबा. 'हायड्रेंजिया' या ग्रीक नावात पाणी आहे खरं, पण तो शब्द 'पाण्याचं भांडं' असा आहे, आणि तो झाडाच्या बोंडाच्या आकारावरून पडला. तहानेवरून नाही.

पहिल्या वर्षाची गोष्ट मात्र वेगळी. नर्सरीतलं रोप पीटसारख्या हलक्या मिश्रणात वाढलेलं असतं. आपल्या चिकणमातीत लावल्यावर भोवतीची माती ओली असली तरी मुळांचा गोळा आत कोरडा ठणठणीत राहू शकतो. म्हणून पहिला उन्हाळा पाणी थेट बुंध्याशी, सावकाश, आठवड्यातून एकदा-दोनदा मुरवून द्या. स्प्रिंकलरचा रोजचा शिडकावा कामाचा नाही. त्याने मुळं वरच्या वर राहतात आणि पानांवर ठिपके पडतात.

लावतानाच होणाऱ्या चुका

लेबल वाचा. मी वाचलं नव्हतं. खिडकीखाली, भिंतीपासून दोन फुटांवर, तीन लाइमलाइट लावले. ते झाड उंच आणि रुंद, दोन्हीकडे सहा ते आठ फूट होतं. आता खिडकीतून पालाच दिसतो. अशा जागी बोबो हवं होतं, तीन फुटांच्या आतलं. हलवायचं असेल तर पानं गळल्यावर किंवा डोळे फुटायच्या आत हलवा.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, नाहीतर पुढची दोन वर्षं ती तशीच फिरत राहतात. लाकडाच्या चुऱ्याचं आच्छादन दोन-तीन इंच घाला, पण बुंध्याला टेकवू नका. इथे झाडाभोवती चुऱ्याची वारुळं रचायची फॅशन आहे, तिच्या मागे लागू नका.

ऊन किमान सहा तास हवं. सावलीत झाड जगतं, पण फुलं कमी आणि काड्या मऊ. डॅलससारख्या कडक उन्हाळ्याच्या भागात राहणाऱ्यांनी उलट विचार करायचा, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. आणि पुण्या-नाशिकच्या मैत्रिणींनो, खरं सांगते, याच्या मागे लागू नका. या झाडाला हिवाळ्यात पानं गाळून झोपायला थंडी लागते.

नुसता पाला आणि फूल नाही?

लॉनचं खत झाडाजवळ पडतंय का बघा. पिशवीवरचा पहिला आकडा नत्राचा. तो मोठा असला की पाला माजतो आणि काड्या लवतात. पॅनिकलला एप्रिलमध्ये थोडं कंपोस्ट किंवा हळू विरघळणारं खत एकदा दिलं की पुरतं. घराच्या पायाजवळच्या झाडाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर सिमेंटच्या चुन्याने माती अल्कधर्मी झालेली असू शकते. खत ओतण्याआधी माती तपासून घ्या. आमच्या न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाची प्रयोगशाळा ते करून देते.

हेही नसेल तर टोकं निरखून बघा. टोक दोरा तुटल्यासारखं फाटलेलं, चिंध्या लोंबणारं असेल तर हरीण. त्याला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून ते ओढून तोडतं. बुंध्याजवळची काडी चाकूने तिरकी कापल्यासारखी स्वच्छ असेल तर ससा. सशाला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी पुरते. हरणाला उंच जाळी लागते, नाहीतर सडक्या अंड्याच्या वासाचा फवारा. पाऊस पडला की तो पुन्हा मारावा लागतो, आणि पहिला तासभर पाहुण्यांना बागेत नेऊ नये.

गणपतीच्या सुमाराला हे झाड ऐन भरात असतं. मखराभोवती त्याचे तुरे फार शोभतात. फक्त ते प्रसादाच्या ताटाजवळ ठेवू नका, आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर खाली पडलेल्या पाकळ्या लगेच उचला, कारण झाड विषारी आहे. तुरा पहाटे कापा आणि लगेच पाण्यात बुडवा. कोवळा, मऊ तुरा दोन तासांत माना टाकतो. बोटांनी चुरून बघा, पाकळी कागदासारखी किंचित कुरकुरली पाहिजे. तसा तुरा दीड दिवसाच्या गणपतीला सहज पुरतो, पाच दिवसांच्याही.