घरच्या रेकॉर्डिंगची पहिली जोडणी: जॅक बसला, पण गळा गायब

सुरुवातीला माझ्याकडे एकच मॉनिटर स्पीकर होता. इंटरफेसच्या, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांना जोडणाऱ्या डबीच्या, हेडफोनच्या भोकातून केबल घेतली आणि सरळ त्या स्पीकरला लावली. दोन्हीकडे पाव इंची जॅक, दोन्ही घट्ट बसले. रेकॉर्ड केलेलं गाणं लावलं तर डाव्या-उजव्या बाजूला ठेवलेल्या गिटारी छान वाजत होत्या आणि गळा गायब! त्याचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, तेवढा मागे रेंगाळत होता. हेडफोन कानाला लावले की सगळं जागच्या जागी. दोन संध्याकाळी मी माइक बदलून पाहिला, गाणं पुन्हा गाऊन घेतलं, सॉफ्टवेअरच्या सेटिंगा धुंडाळल्या. केबल धड होती, फक्त लावली होती चुकीच्या जागी.

कारण समजून घ्या, त्यात अर्ध्या जोडण्यांचं उत्तर आहे. दोन काळ्या रेघांच्या टीआरएस जॅकला तीन भाग असतात. हेडफोनसाठी ते डावा, उजवा आणि ग्राउंड असे वापरतात. बॅलन्स्ड केबलमध्ये मात्र पहिल्या दोन तारांवर एकच सिग्नल जातो, एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. स्पीकर एकातून दुसरा वजा करतो. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच असते, म्हणून ती वजाबाकीत उडते आणि मूळ आवाज दुप्पट होऊन उरतो. माझ्या जोडणीत स्पीकर डाव्यातून उजवा वजा करत होता. गळा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखा. तो खरखरीसारखाच उडाला.

तेव्हापासून केबल हातात घेतली की मी आधी विचारतो: इथून कोणता सिग्नल निघतोय आणि समोरच्याला कोणता हवाय? भोकाचा आकार त्यानंतर.

माइकचा सिग्नल साधारण काही मिलिव्होल्टचा, फार नाजूक. कीबोर्डचा लाइन सिग्नल त्याच्या शेकडो पट मोठा. म्हणून माइक एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने माइकच्या इनपुटलाच जातो, तिथला प्रीअँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारा भाग, त्याला उचलतो. तो लाइनमध्ये लावला तर आवाज इतका बारीक येतो की वाढवता वाढवता सगळी फुसफुस वर येते. उलट कीबोर्ड माइकच्या इनपुटला लावला की आवाज फाटतो. इलेक्ट्रिक गिटारचं तिसरंच. तिच्या पिकअपला (तारांची थरथर टिपणाऱ्या भागाला) सुमारे 1 मेगाओहमचं इनपुट लागतं. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण त्यासाठीच असतं. ते न दाबता वाजवलंत तर गिटार मंद आणि कोंडल्यासारखी ऐकू येईल, आणि तुम्ही उगाच तारांना दोष द्याल.

फँटम पॉवरची, म्हणजे इंटरफेसने केबलमधूनच माइकला दिलेल्या विजेची, भीती नवख्यांना फार. कंडेन्सर माइकला ती 48 व्होल्ट लागतेच. साधा डायनॅमिक माइक एक्सएलआर केबलने लावलेला असेल तर तिने बिघडत नाही, कारण पिन 2 आणि 3 वर सारखाच व्होल्टेज असतो, दोघांत फरक पडत नाही. जुन्या रिबन माइकला मात्र धोका असतो, तिथे ती बंदच ठेवा. क्रम पाळा: स्पीकरचा आवाज खाली, माइक जोडा, मग 48 व्होल्टचं बटण. काढताना आधी बटण बंद, थोडं थांबा, मग केबल.

स्पीकरला इंटरफेसच्या मागच्या मुख्य आउटपुटमधून दोन वेगळ्या बॅलन्स्ड केबल न्या. चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी, नाहीतर धप्पकन आवाज येतो आणि तो स्पीकरलाही सोसत नाही.

सतत घुंऽऽ ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी ग्राउंडला जोडली गेली आहेत. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, सिग्नलच्या केबल विजेच्या वायरींपासून लांब ठेवा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) लावताना हळू पुटपुटू नका, गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ गा आणि ती सॉफ्टवेअरच्या मीटरवर (तिथे 0 ही कमाल) उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं पाहा. 24 बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढी जागा मोकळी सोडली तरी काही बिघडत नाही. फाटलेला टेक मात्र परत जोडता येत नाही.

स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो, ही तक्रार हमखास. 48 किलोहर्ट्झवर 256 सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी जमवून घेतो तेवढा आवाजाचा तुकडा) म्हणजे एका दिशेचे सुमारे 5.3 मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये देणारी सोय) असेल तर ते चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येईल.

सगळं जोडून झालं की दहा सेकंद नुसतं बोलून रेकॉर्ड करा आणि दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसून ऐका. आवाज समोर मधोमध एका ठिकाणाहून यायला हवा. तो पातळ, विखुरलेला, कुठून येतोय हेच कळत नाही असा वाटला तर एका स्पीकरची केबल बदलून पाहा, तिच्या तारा आत उलट्या जोडलेल्या असू शकतात.