लांबी घासण्याआधी काळा फवारा

जुन्या पद्मिनी मोटारीच्या दाराला भरलेली लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) हाताला सपाट लागते, पण रंग चढला की उन्हात लाटा दिसतात. त्यावर उपाय म्हणजे स्वस्तातला काळा स्प्रे. लांबी पूर्ण सुकली की फूटभर अंतरावरून हलका मारा, नुसते ठिपके पडले तरी पुरे.

१. लांब पट्टीला ८० नंबरचा सँडपेपर लावून तिरकं, उलटसुलट घासा. नुसत्या बोटांनी घासाल तर चर पडतील.
२. काळं राहिलं तिथे खड्डा, पुन्हा लांबी भरा. पत्रा चमकला की तो उंचवटा. तिथे घासत बसू नका, हातोडीने हलकेच बसवा.
३. परत फवारा, मग १८० नंबरचा पेपर, शेवटी ३२०.

पाणी मारून घासायचा मोह होईल, धूळ उडत नाही ना! पण लांबी पाणी पिते आणि आतून पत्रा गंजतो. कोरडंच घासा, मास्क लावून.