वर्धापन आवृत्तीची स्पोर्ट मोटारसायकल नाशिकमध्ये कशी जतन करावी

डुकाटी ९१६ ही मोटारसायकल १९९४ साली बाजारात आली. मास्सिमो ताम्बुरिनी यांनी रेखाटलेल्या त्या गाडीला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा २०१९ मध्ये कंपनीने पानिगाले व्ही४ ची वर्धापन आवृत्ती काढली आणि तिच्या केवळ ५०० गाड्या बनवल्या. प्रत्येक गाडीच्या हँडलपाशी, वरच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटवर, पाचशेपैकी तिचा क्रमांक लेझरने कोरलेला आहे आणि सोबतच्या प्रमाणपत्रात तो चेसिस व इंजिन क्रमांकांशी जोडलेला आहे. संग्राहक जास्तीचे पैसे मोजतो ते या तिन्ही क्रमांकांच्या मेळासाठी. म्हणून अशी गाडी, मग ती कोणत्याही कंपनीची असो, तुमच्या दारात येणार असेल, तर आधी कागद हातात घ्यावेत. पॉलिशचे नंतर पाहता येते.

ताबा घेण्याच्या दिवशी बॅटरीच्या उजेडात चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः वाचून, इनव्हॉइस, प्रमाणपत्र, आरसी आणि विमापत्र यांच्याशी एकेक अक्षर ताडून पाहावेत. माझ्या ओळखीतल्या एका गाडीच्या विमापत्रात इंजिन क्रमांकातील शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला होता आणि ही चूक थेट गाडी विकायच्या वेळी उघडकीस आली. पहिल्या आठवड्यात असे काही सापडले, तर दुरुस्ती पुष्कळ सोपी जाते.

विम्याचा विचारही याच वेळी करावा. आपल्याकडच्या सर्वसाधारण विम्यात आयडीव्ही, म्हणजे गाडीची घोषित किंमत, कंपनीच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून ठरते आणि पाचव्या वर्षी ही वजावट ५० टक्क्यांवर जाते. संग्राहकांच्या बाजारात मात्र त्याच काळात भाव टिकलेला किंवा चढलेलाही असू शकतो. पाच वर्षांनंतर ही रक्कम विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून मूल्यांककाचा अहवाल, सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि दरवर्षी काढलेली छायाचित्रे हाताशी असावीत.

गाडीचा एकही मूळ भाग टाकून देऊ नये. लिव्हर, आरसे, सायलेन्सर, अगदी जुने बोल्टसुद्धा तारखेची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावेत. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात; ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर न चालवताही कडक होत जाते, तेव्हा चालवण्यासाठी नवे टायर घालावेत आणि मूळ जोडी प्रदर्शनासाठी जपावी. धुण्याच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे, कारण एका वॉशिंग सेंटरवर प्रेशरच्या पाण्याने माझ्या गाडीच्या फेअरिंगवरील, म्हणजे बाहेरच्या आवरणावरील, स्टिकरची कड उचलली गेली आणि ती पुन्हा कधीच नीट बसली नाही. बादलीभर पाणी, सौम्य शाम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापड एवढे पुरेसे असते.

नाशिकमध्ये खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या काळात होते. तळघरातील पार्किंगमध्ये भिंतींना ओल येते आणि ती ओल डिस्क, चेन आणि वायरिंगच्या जोडांवर बसते. शक्य असेल तर तळमजल्यावरची, हवा खेळती असलेली खोली निवडावी आणि गाडी पॅडॉक स्टँडवर, म्हणजे चाक जमिनीपासून उचलून धरणाऱ्या स्टँडवर, उभी करावी. प्लास्टिकचे कव्हर वाफ आत कोंडते, म्हणून सुती किंवा हवा जाऊ देणारे कापड वापरावे. चेनला वंगण द्यावे, पण ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही उडू देऊ नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. म्हणून दीर्घकाळ उभी राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धवट न ठेवता जवळजवळ पूर्ण भरावी व त्यात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारे द्रव्य, घालावे. अशा गाड्यांत अनेकदा लिथियम-आयन बॅटरी असते. तिला त्याच प्रकारचा चार्जर लागतो, साधा चार्जर तिचे नुकसान करू शकतो. उंदरांचा बंदोबस्तही विसरू नये. दर आठवड्याला सीट काढून खाली पाहावे. शेंगांची टरफले किंवा कापसाचे पुंजके दिसले, तर वायरिंग तपासल्याशिवाय चावी फिरवू नये.

अनेक मालक दर रविवारी इंजिन पाच मिनिटे जागच्या जागी चालवतात. हे मला अजिबात पटत नाही. एवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही आणि जळणातून तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये व तेलात साचून राहते. त्यापेक्षा पाऊस नसलेल्या सकाळी, रस्ता कोरडा झाल्यावर, गंगापूर धरणाच्या बाजूला वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी मारून यावे. पानिगालेच्या या आवृत्तीत ड्राय क्लच, म्हणजे तेलात न बुडणारा क्लच, आहे. न्यूट्रलमध्ये त्याच्या प्लेटांचा खडखडाट ऐकू येतो आणि तो दोष नाही, मात्र गर्दीत क्लच अर्धवट दाबून गाडी रेंगाळत नेली तर प्लेटा लवकर झिजतात. त्यामुळे मुंबई नाका किंवा द्वारका चौकातून जायचे असल्यास वर्दळ सुरू होण्याआधीच निघावे. ब्रेक ऑइलही पाणी शोषते, ते दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

दसऱ्याची पूजा मात्र चुकवू नये, फक्त जागा नीट निवडावी. मॅट रंगावर किंवा कार्बन फायबरवर हळद-कुंकू लावले, तर पिवळा डाग बारीक छिद्रांत उतरतो आणि घासून काढताना रंग चकाकतो. पुढच्या चाकाजवळ पाटावर विड्याचे पान ठेवून त्यावर हळद-कुंकू वाहावे, झेंडूचा हार तारेऐवजी सुती दोऱ्यात ओवून हँडलला सैल बांधावा आणि पाकळ्या सुकण्याआधी, त्याच संध्याकाळी काढून घ्यावा. मग किलोमीटरचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवावा.