लेकराला अठरा पूर्ण झाली की: दाखला, पेन्शन आणि खातं

माझ्या लेकाला बौद्धिक अक्षमता आहे. घरात आम्ही त्याला दादा म्हणतो. तो एकवीस वर्षांचा आहे आणि त्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेची पेन्शन सुरू आहे. ती सुरू करताना मी ज्या चुका केल्या त्यात आमचं जवळजवळ एक वर्ष गेलं. ज्या आईबापांचं लेकरू सोळा-सतरा वर्षांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमच्या हातात अजून वेळ आहे.

सुरुवात आधारकार्डापासून करा. मुलाच्या पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि डोळे नव्याने द्यावे लागतात. आपल्या लेकरांचं हे हमखास राहून जातं, कारण ती यंत्रासमोर स्थिर बसत नाहीत. आम्ही दादाला भर दुपारी गर्दीत नेलं तर तो घाबरला आणि हात मागे ओढून घेतला. दुसऱ्या वेळी सकाळी केंद्र उघडताना पहिला नंबर लावला. त्याच्या मावशीने मांडीवर त्याचा हात धरून ठेवला होता, तेव्हा कुठे काम झालं. त्याच दिवशी मोबाइल नंबरही जोडून घ्या, पुढे प्रत्येक ओटीपी त्यावरच येतो.

मग सगळी कागदं एका चटईवर पसरा आणि नाव वाचा. शाळेचा दाखला, जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड. आमच्या एका कागदावर बापाचं नाव पूर्ण होतं, दुसऱ्यावर नुसतं पहिलं अक्षर आणि आडनावात एक वेलांटी वेगळी. तेवढ्यावरून आमच्या अर्जावर ‘त्रुटी’ असा शेरा आला आणि अर्ज तहसीलमध्ये चार महिने पडून राहिला. मला कुणी कळवलं नाही आणि मीही विचारायला गेले नाही. नाव एकसारखं करायचं ते अर्जाच्या आधी.

आता दाखला. दिव्यांगत्वाचा दाखला आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, यांचा अर्ज एकच असतो, तो केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. सेतू केंद्रात किंवा एखाद्या शिकलेल्या पोराकडून भरून घेतला तरी चालतं, मात्र भरताना स्वतः शेजारी बसा. नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा. दाखल्याला सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा.

लहानपणीचा दाखला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बौद्धिक अक्षमतेत मुलांना मिळतो तो तात्पुरता दाखला असतो. अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि तेव्हाचा दाखला कायमचा ठरतो. म्हणूनच या तपासणीबद्दल सगळ्यात जास्त लिहिणार आहे.

टक्केवारी डॉक्टर नुसतं बघून ठरवत नाहीत. मानसतज्ज्ञ मुलाची बुद्ध्यांक चाचणी घेतात आणि आईबापाला बसवून विचारतात, हा रोजचं काय काय स्वतः करतो. त्या उत्तरांवर गुण पडतात. सौम्य निघालं तर 50 टक्के, मध्यम 75, तीव्र 90 आणि अतितीव्र 100. म्हणजे त्या खोलीत आई काय बोलते त्याला फार मोल आहे, आणि हेच मला माहीत नव्हतं.

मी दादाला आदल्या दिवशी केस कापून आणले. नवा शर्ट घातला. चार माणसांत लेकरू नीट दिसावं असं कुठल्या आईला वाटत नाही? तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “स्वतः कपडे घालतो का?” मी म्हटलं, “हो, घालतो की.” “अंघोळ?” “करतो.” “दुकानात जातो?” “जातो, साखर आणतो.” प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक अर्धवट होतं. शर्ट तो घालतो, पण बटणं एक घर चुकवून लावतो आणि त्याला ते कळत नाही, मी सगळी सोडून पुन्हा लावते. अंघोळ करतो, पण पाणी कढत आहे की नाही ते बादलीत हात घालून आधी मी बघते. एकदा नाही बघितलं, तर पायाला फोड आले होते. दुकानात जातो, पण दुकान आमच्या भिंतीला लागून आहे आणि दुकानदार उरलेले पैसे त्याच्या खिशात घालून खिशाचं बटण लावतो. यातलं मी काही बोलले नाही. कौतुक ऐकायची सवय नसलेल्या माणसाला कौतुक सांगायची घाई होते. दाखला आला 50 टक्के.

पेन्शनला 40 टक्के पुरतात, त्यामुळे तिथे अडलं नाही. पण एसटीत दिव्यांगाला तिकिटात 75 टक्के सवलत आहे आणि सोबत्याला 50 टक्के, ती सोबत्याची सवलत 65 टक्क्यांच्या पुढच्यांनाच मिळते. दादा एकटा एसटीत बसूच शकत नाही. म्हणजे सोबत्याची सवलत आमच्या हातून गेली.

दाखल्याचा निर्णय पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच ती तरतूद आहे. मला हे विशेष शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं आणि त्यांनीच कामाची गोष्ट शिकवली: आठ दिवस वहीत लिहा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी. स्वतः काय केलं, कुठे सांगावं लागलं, कुठे हात लावावा लागला. मी दोन पानं भरून नेली. फेरतपासणीत पानं समोर ठेवली आणि बघून बोलले. या वेळी 75 टक्के आले.

वाढवून मात्र काही सांगू नका. आमच्या पाठीमागच्या रांगेत एक आजोबा नातवाला दटावत होते, “बोलू नकोस हं आत.” पोरगं गोंधळून रडायला लागलं. तपासणारी माणसं रोज शंभर लेकरं बघतात, त्यांना ते कळतं, आणि मग खऱ्यावरही विश्वास बसत नाही. जे आहे ते पूर्ण सांगा, एवढंच. जाताना शाळेचे जुने अहवाल, औषधाच्या चिठ्ठ्या, लेकराच्या आवडीची एखादी वस्तू आणि भाकरीचा डबा घ्या. दिवस जातो.

दाखला हातात आला की पेन्शनचा अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी शाखेत. वय 18 ते 65, महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचा रहिवास, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50 हजारांच्या आत. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, युडीआयडी आणि दाखल्याची प्रत, फोटो. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा. एका संचावर शिक्का, सही आणि तारीख घालून पोच घ्या. देणारा “राहू द्या हो, नोंद झाली” म्हणाला तरी घ्या. माझा पहिला अर्ज बिनपोचचा होता, म्हणून चार महिन्यांनी कुठे काय अडलंय हे विचारायलाही माझ्याकडे कागद नव्हता. अर्जाला समितीची मंजुरी लागते, तेव्हा बैठक कधी आहे ते विचारून ठेवा आणि बैठक झाली की यादीत नाव बघायला स्वतः जा.

ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिना 2500 रुपये आहेत, त्याआधी 1500 होते. पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट येतात. इथे एक खड्डा आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नाही. डीबीटी म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यात येण्याची सोय. बँकेत जाऊन सरळ म्हणा, “या खात्याला डीबीटी चालू करून द्या.” आणि लेकराच्या नावाने दोन खाती असतील, शाळेच्या वेळचं एक आणि आताचं एक, तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कुठलं खातं जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगमध्ये दिसतं. आमच्या शेजारच्या गल्लीतल्या एका ताईंचे पाच महिन्यांचे पैसे त्या जुन्या खात्यात पडून होते आणि त्या तहसीलला खेटे घालत होत्या.

खातं उघडताना बँक विचारते, हा सज्ञान आहे, सही कोण करणार? अठरानंतर आई ही कायद्याने आपोआप पालक राहत नाही. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. अर्ज अठरा पूर्ण होताच करा. त्याच न्यासाचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, आधी तपासणी न करता. दादाची थेरपी आणि बाह्यरुग्ण खर्च त्यात बसतो.

पेन्शन सुरू झाली तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. राहिला तर पैसे थांबतात. मी कॅलेंडरवर गॅसच्या नंबराशेजारीच लिहून ठेवते.

आणि ग्रामपंचायतीत जा. स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करणं तिच्यावर बंधनकारक आहे. तोंडी विचारलं तर “बघू” असं उत्तर येतं. युडीआयडीची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, लेकराला काय हवंय ते एका ओळीत स्पष्ट लिहा आणि ग्रामसभेत उठून त्या अर्जाची तारीख वाचून दाखवा. मी उठले तेव्हा माझे पाय कापत होते. माझ्यामागे आणखी दोन आया उठल्या.