मुलगा पिऊन घरी आला? आईबाबांनी या चुका टाळा

मुलाच्या तोंडाला वास आला की आपलं डोकंच फिरतं, पण त्याच मिनिटाला उलटतपासणी सुरू करू नका. नशेत त्याला धड काही समजत नसतं, आपण रागात नको ते बोलून बसतो आणि नंतर त्याच्या लक्षात राहतं ते फक्त आपलं ओरडणं. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

त्या रात्री मात्र त्याला खोलीत झोपवून दार लावून घेऊ नका, ही चूक जिवावर बेतू शकते. शेवटचा घोट पोटात गेल्यावरही रक्तातली दारू काही वेळ वाढतच राहते, म्हणजे आत्ता बडबडत असलेलं पोर थोड्या वेळाने बेशुद्धही पडू शकतं. त्याला कुशीवर झोपवा म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि जवळ बसून राहा. हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला 8 पेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत 10 सेकंदांपेक्षा जास्त गॅप पडत असेल, ओठ निळसर, अंग गार लागत असेल तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, लोक काय म्हणतील ते नंतर बघू. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने दारू उतरत नाही, लिव्हर ती त्याच्याच स्पीडने काढतं. दारूबरोबर झोपेच्या गोळ्या घेतल्याचा नुसता संशय असला तरी डॉक्टरांना आधी ते सांगा, दोन्ही मिळून श्वास मंदावतात. अब्रूपायी लपवू नका, प्लीज.

दुसरी चूक चांगल्या मनाने होते. "बाहेर चोरून पिण्यापेक्षा घरी आमच्यासमोर घेऊ दे थोडी." ऐकायला पटतं, मलाही पटायचं. पण ऑस्ट्रेलियात 1,927 मुलांना 6 वर्षं फॉलो केलं, 2018 मध्ये त्याचा रिझल्ट आला, आणि आईवडिलांनी दारू दिल्याने मुलं सांभाळून प्यायला शिकली असं काही दिसलं नाही, उलट ती मुलं बाहेरूनही जास्त मिळवू लागली. मेंदूचा कंट्रोलवाला भाग साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो, आणि 15 च्या आत प्यायला लागलेल्यांमध्ये पुढे व्यसन लागण्याचं प्रमाण 21 नंतर सुरू करणाऱ्यांच्या जवळपास चौपट आढळलंय. म्हणून घरातला नियम "नाही" असाच हवा, स्पष्ट.

पण "नाही" म्हणताना थापा मारू नका. "एकदा गांजा ओढलास की संपलास" असं सांगितलं आणि ओढणारा मित्र परीक्षेत पहिला आला, की तुमचं पुढचं खरंही कुणी ऐकत नाही! जेवढं खरं आहे तेवढंच सांगा, ते पुरेसं वाईट आहे.

चोरून दप्तर तपासणं, घरी टेस्ट किट आणून युरिन तपासणं, हेही शक्यतो नको. सर्दी-खोकल्याच्या काही साध्या औषधांनीही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येते, काही नशा त्यात दिसतच नाहीत आणि एवढं करून पोर आणखी हुशारीने लपवायला शिकतं. खरंच शंका असेल, म्हणजे अभ्यास, झोप, मित्र सगळंच एकदम बदललं असेल, तर डॉक्टर किंवा काउन्सेलरकडे त्याला सांगून घेऊन जा.

सगळा दोष मित्रांवर ढकलून मोकळं होऊ नका. बाटली कधीकधी आपल्याच कपाटातली असते, गोळ्या आपल्याच ड्रॉवरमधल्या. आणि आज फार टेन्शन होतं म्हणत बाबा रोज ग्लास भरत असतील तर टेन्शनवर उपाय काय हे मुलांनी घरीच पाहिलेलं असतं. मुलगी प्यायली तर दुप्पट तमाशा करणाऱ्या घरांना वेगळं सांगते, ती पुढच्या वेळी अडचणीत सापडली तर तुम्हाला फोन करणार नाही.

मला सगळ्यात जास्त भीती याच न आलेल्या फोनची वाटते. म्हणून आजच सांगून ठेवा, रात्री कितीही वाजता कुठेही अडकलास, तू प्यायलेला असशील किंवा गाडी चालवणारा मित्र प्यायलेला असेल, तर फोन कर, मी येते, त्या रात्री एकही प्रश्न नाही. आणि खरंच फोन आला तर शब्द पाळा, गाडीत गप्प बसा, पाण्याची बाटली द्या. सकाळी नियम मोडल्याचं जरूर बोला, ठरलेली शिक्षाही द्या, पण सुरुवात "फोन केलास ते बरं केलंस" इथून करा.