साध्या मजकुराच्या ईमेलमधून बाजारभाव पाठवताना

लासलगाव-पिंपळगावचे कांद्याचे भाव एक्सेलमधून उचलून ईमेलमध्ये चिकटवले आणि समोरच्याकडे फक्त साधा मजकूर (रंग, ठळक अक्षरं, तक्ते नसलेला) चालत असेल, तर तक्त्याचा पार विचका होतो. स्पेस मारमारून रकाने जुळवत बसू नका. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसते, ते फिसकटणारच. त्यापेक्षा एका ओळीत एकच बाजार: 'लासलगाव, उन्हाळ कांदा: किमान इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका'. बदललेल्या भावाला दिलेला लाल रंग उडतो, म्हणून 'भाव बदलला' असं शब्दांतच लिहा. ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) पुरते. लांबलचक लिंक स्वतंत्र ओळीवर, < > अशा खुणांमध्ये. नाहीतर मध्येच तुटते. जीमेलमध्ये लिहितानाच तीन ठिपक्यांतून 'प्लेन टेक्स्ट मोड' लावा, काय उडणार ते पाठवण्याआधीच कळतं.