सतरा नंबरची कथा कोणी वाचली?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये इंदूरच्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात पहिली कथास्पर्धा घेतली. सुदामानगरपासून तिलकनगरपर्यंतची माणसं त्यात होती, काही लग्न होऊन पुण्या-नागपूरला गेलेल्या मुलीही होत्या. एकतीस कथा आल्या. निकाल लागला, तीन नावं जाहीर झाली, अभिनंदनाचे फुलांचे गुच्छ दिवसभर पडत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, नुसती विचारणा होती. "ताई, माझी सतरा नंबरची कथा कोणी वाचली का हो?"

मी "हो, वाचली ना" म्हणाले. परीक्षकांनी वाचली होती. पण मला त्या कथेतलं एकही वाक्य सांगता आलं नसतं आणि ते त्यांना फोनवर कळलं. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी मराठीत काही लिहिलं होतं. आठवड्याभराने त्या समूहातून बाहेर पडल्या.

तेव्हापासून दरवर्षी दोन स्पर्धा घेते आहे. कोणी नव्याने स्पर्धा घ्यायची म्हणून विचारायला आलं की बक्षिसं किती, परीक्षक कोण, हे प्रश्न आधी येतात. मी आधी सतरा नंबरबद्दल बोलते. घरगुती स्पर्धेत भाग घेणाऱ्याला क्रमांक हवा असतोच, पण त्याहून जास्त वाचक हवा असतो. आमच्या इंदुरात तर फारच. मराठी साहित्य संमेलन इथे १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा भरलं, आजी-आजोबा त्याच्या गोष्टी अभिमानाने सांगतात. पण घरातली मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात आणि मराठी स्वयंपाकघरात, देवघरात आणि फोनवर उरते. अशा गावात मराठीत चारशे शब्द लिहिणाऱ्याला ते वाचणारं माणूस शोधावं लागतं. स्पर्धेने ते माणूस मिळवून द्यायचं.

त्यासाठी दुसऱ्या स्पर्धेपासून एक साधी पद्धत बसवली. कथांना नंबर पडले की प्रत्येक लेखकाने आपल्या पुढचे तीन नंबर वाचायचे. पाच नंबरवाल्याने सहा, सात, आठ. शेवटच्याने पुन्हा एक, दोन, तीन. म्हणजे कथा बारा असोत की पन्नास, प्रत्येक कथेला नेमके तीन वाचक मिळतात, एकही सुटत नाही. वाचून तीन गोष्टी लिहायच्या: कोणतं वाक्य मनात राहिलं, कुठे धागा सुटला, आणि लेखकाला एक प्रश्न. "छान", "अप्रतिम", हात जोडलेली चित्रं चालत नाहीत. सगळ्यांचे अभिप्राय हाती आल्याशिवाय निकाल जाहीर होत नाही, हे नियमात पहिल्याच ओळीला लिहिते. सुरुवातीला लोक कुरकुरले. "आम्हाला काय कळतं परीक्षण?" मी म्हटलं, परीक्षण करूच नका, वाचताना तुमचं काय झालं तेवढं सांगा. आता निकालापेक्षा अभिप्रायांच्या पाकिटाची वाट जास्त बघतात.

विषय देताना घाई करू नका. पहिल्या वेळी आम्ही "पाऊस" दिला होता. एकतीसपैकी निम्म्या कथांत खिडकी, चहा आणि जुनी आठवण. विषय जितका मोठा तितकं लिखाण सारखं होतं. पुढच्या वेळी "घरातली बंद पडलेली वस्तू" दिला. एकाने आजोबांचं श्रवणयंत्र घेतलं, एकीने शिवणयंत्र, एकाने राजवाड्याजवळच्या दुकानात वर्षानुवर्षं दुरुस्तीला पडून असलेलं घड्याळ. आणि एका सुनेने सासूबाईंचा आवाज घेतला. पक्षाघातानंतर त्यांचं बोलणं गेलं होतं, घरात त्यांच्या हाका थांबल्या होत्या. वस्तू म्हणता येईल का, यावर समूहात दोन दिवस चर्चा झाली आणि मी ती आनंदाने होऊ दिली. विषय असा हवा की त्याला हात लावता येतो, पण त्यात वाकायला जागा असते. आपल्याकडे समस्यापूर्तीची जुनी चाल आहे, शेवटचा चरण द्यायचा आणि कवीने वरचे रचायचे. कवितेच्या स्पर्धेला ती आजही फार चांगली चालते, कारण नवख्या माणसासमोर कोरा कागद राहत नाही.

शब्दमर्यादा ठेवाच. आम्ही कथेला तीनशे ते पाचशे ठेवतो, अलकला, म्हणजे अति लघु कथेला, शंभर. मराठीत शब्द मोजण्यात एक अडचण आहे, ती आधीच मिटवून टाका. "घरासमोरच्या" एक शब्द, "घरा समोरच्या" दोन. शंभर शब्दांत बसवायला लोक शब्द चिकटवत जातात, मग भांडणं होतात. गूगल डॉक्स जो आकडा दाखवेल तो अंतिम, एवढं ठरवून मोकळे व्हा.

मुदत रविवारी रात्री नऊची ठेवा, बाराची नको. निम्म्या कथा शेवटच्या संध्याकाळीच येतात, प्रत्येकाला "मिळाली" हे उत्तर द्यायचं असतं आणि सोमवारी तुम्हाला कामावर जायचं असतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी आलेली कथा परत पाठवू नका. ती नंबरात घ्या, वाचक द्या, फक्त क्रमांकासाठी धरू नका. या एका सवलतीमुळे माझ्याशी कोणी रुसलेलं नाही.

आता टायपिंग. यात खरंच वेळ जातो. ज्येष्ठ मंडळींकडे कधी कधी जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल असते. ती आपल्या फोनवर उघडली की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या देवनागरीत, मागवा. तरुण मुलं बोलून टाइप करतात आणि फोनची भाषा हिंदीवर असली की "बाळ" चं "बाल" होतं. तपासून घ्यायला सांगा. आणि हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो स्वीकारा, हे मी आग्रहाने सांगते. ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त सांगण्यासारखं असतं त्यातल्या पुष्कळांना फोनवर टाइप करता येत नाही. त्यांच्यासाठी टाइप करून देणारी दोन-तीन माणसं आधीच ठरवून ठेवा.

नावं झाकणं सोपं वाटतं, तसं नाही. कथा घेणारी आणि नोंदवही ठेवणारी व्यक्ती एकच असावी, ती ना स्पर्धक असावी ना परीक्षक. आमच्याकडे ती मी. त्यामुळे गेली कितीतरी वर्षं मी स्वतः एकाही स्पर्धेत लिहिलेलं नाही, ते मान्य असेल तरच ही वही हातात घ्या. आलेल्या फाइली जशाच्या तशा परीक्षकांना पाठवू नका, वर्डच्या फाइलच्या माहितीत लिहिणाऱ्याचं नाव राहतं. सगळा मजकूर एका नव्या फाइलमध्ये, एकाच अक्षरात, नंबर घालून चिकटवायचा. शेवटी "माझ्या आईस अर्पण" अशी नावासकट ओळ असते ती काढायची, लेखकाला सांगून.

परीक्षक तीन असावेत आणि त्यांना दहा दिवस द्यावेत. एकतीस कथा म्हणजे जेमतेम बारा-तेरा हजार शब्द, एका बैठकीतही होतील, पण दोनदा वाचायच्या तर दिवस लागतात. एकाला पहिल्यापासून, दुसऱ्याला शेवटापासून, तिसऱ्याला मधूनच सुरू करायला सांगा, कारण पंचविसाव्या कथेपर्यंत वाचणारा थकलेला असतो आणि ती थकावट दरवेळी त्याच कथांच्या वाट्याला जाऊ नये.

आणि शंभरपैकी गुण मागू नका. हे मी चूक करून शिकले. एका स्पर्धेत सात नंबरच्या कथेला तीन परीक्षकांनी ९०, ७२, ७१ दिले होते, बेरीज २३३. एकोणीस नंबरला ७०, ७८, ७७, बेरीज २२५. सात नंबर जिंकली. निकालानंतर रात्री कागद पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की तीनपैकी दोघांना एकोणीस नंबर जास्त आवडली होती. पण ते दोघे सत्तर ते ऐंशीच्या मध्येच गुण देणारे, आणि पहिले चाळीसपासून नव्वदपर्यंत मोकळ्या हाताने देणारे. सैल हाताच्या एका परीक्षकाचं मत दोघांवर भारी पडलं. त्या एकोणीस नंबरच्या लेखकाला मी फोन करून हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सांगितलंत हे बरं केलंत." तेव्हापासून प्रत्येक परीक्षकाने आवडीच्या पाच कथा क्रमाने लावायच्या. पहिलीला पाच, दुसरीला चार, असं एकापर्यंत, आणि त्यांची बेरीज. अठराव्या शतकात बोर्दा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने मतदानासाठी अशीच रीत मांडली होती, हे मला नंतर कळलं.

वाचकांच्या पसंतीचं बक्षीस ठेवायचं असेल तर जपून. आम्ही एकदा व्हॉट्सअ‍ॅपवरच मतदान ठेवलं. तिथे कोणी कोणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसत होतं. "मी तुला दिलं आणि तू मला नाही?" यावरून दोन चुलत जावा महिनाभर बोलत नव्हत्या. शिवाय मतदानाच्या आदल्या दिवशी समूहात चौदा नवीन नंबर येऊन दाखल झाले, सगळे एकाच घरचे पाहुणे. आता फक्त स्पर्धकच मत देतात, गूगल फॉर्मवर, स्वतःची कथा सोडून तीन कथा निवडतात आणि प्रत्येक मताखाली दोन ओळी कारण लिहितात. कारण लिहावं लागलं की माणूस कथा वाचतो.

भाषेचा एक मुद्दा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. एका वर्षी बाहेरगावचे एक परीक्षक होते. त्यांनी एका कथेवर शेरा मारला, "भाषा हिंदीळलेली, अशुद्ध." कथेतला मुलगा फोनवर म्हणत होता, "आई, मी येऊन राहिलो, तू पोहे करून ठेव." आमच्या घरांत असंच बोलतात. पोह्यांवर जिरावण मसाला आणि शेव पडते, मित्राला "भिया" म्हणून हाक मारतात आणि तो मुलगा याच गावचा आहे. त्याच्या तोंडी "मी येत आहे" घातलं असतं तर तो इंदूरचा राहिला नसता. मी तो शेरा लेखिकेला पाठवला नाही, परीक्षकांना फोन केला. तासभर बोललो. त्यांनी शेरा मागे घेतला आणि कथा पुन्हा वाचली. आता परीक्षकांना पाठवायच्या पत्रात लिहिते: पात्रांची बोली ही चूक धरू नये, ऱ्हस्व-दीर्घासाठी गुण कापू नयेत. शुद्धलेखन आम्ही संग्रह करताना लेखकाला विचारून सुधारतो.

उचललेलं लिखाण येईल, आलं तर समूहात एक अक्षर लिहू नका. आमच्याकडे एकदा जुन्या दिवाळी अंकातली कविता आली होती. त्या मुलाला मी एकट्याला फोन केला, कविता मागे घ्यायला सांगितली, विषय संपला. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथाही येतात. त्यावर मी एवढंच करते, की प्रत्येकाकडून कथेसोबत "हे कुठून सुचलं" याच्या चार ओळी मागते. खरं लिहिणारा त्या चार ओळींत हमखास काहीतरी असं सांगतो जे दुसऱ्या कोणाला ठाऊकच नसतं.

हक्कांबद्दल नियमात स्पष्ट लिहा: कथा लेखकाचीच राहील, आपल्याला फक्त समूहाच्या संग्रहात घेण्याची परवानगी असेल. १९५७ च्या कायद्याने हक्क लिहिणाऱ्याचाच असतो आणि लेखी दिल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही, तरी लोकांना भीती असते. पुष्कळ मासिकं आणि दिवाळी अंक अप्रकाशित लेखनच मागतात, हेही आधी सांगा, म्हणजे ज्याला तिकडे पाठवायचं आहे तो विचार करून देईल.

बक्षिसाला पैसे नकोत, प्रवेशशुल्क तर मुळीच नको. खजुरी बाजारातून घेतलेलं पुस्तक आणि परीक्षकांचं हाताने लिहिलेलं पत्र पुरतं. तारखा ठरवताना गणपती, दिवाळी, बोर्डाच्या परीक्षा आणि रंगपंचमीचा आठवडा टाळा. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, दिवसांत इंदुरात कोणी कथा लिहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात रामबागेतल्या एका काकूंनी वहीची सहा पानं फोटो काढून पाठवली. टाइप करायला दहावीतल्या एका मुलाला दिली. हिंदी माध्यमाचा, मराठी वाचतो पण अडखळत. रात्री त्याचा मला मेसेज, "ताई, शिंकाळं म्हणजे काय?" मी त्याला काकूंचा नंबर दिला, त्यांना विचारून. ते दोघं पाऊण तास बोलले. शिंकाळ्यावरून उतरंड, उतरंडीवरून काकूंच्या माहेरचं परसदार, तिथली विहीर. टाइप केलेल्या कथेसोबत त्याने मला वेगळी चिठ्ठी पाठवली होती: पान चारवर "विहीर" नंतर काकूंनी एक वाक्य खोडलंय, ते मला फोनवर सांगितलं, ते ठेवलं तर चालेल का? काकू हो म्हणाल्या. वाक्य ठेवलं.

यंदाच्या पावसाळी स्पर्धेसाठी त्याची स्वतःची कथा शनिवारीच आली, ३८० शब्दांची. दोन ठिकाणी "ळ" चा "ल" झालाय. मी ती कथा तशीच नंबर घालून तिच्या तीन वाचकांकडे पाठवणार नाही, आधी त्याला फोन करणार आहे.